सोपानरावांचं फुलपात्र

सोपानराव मुंगसे यांच्या गाडीत मी पहिल्यांदा बसले, तेव्हा त्यांनी माझ्या हातात पाण्यानं काठोकाठ भरलेलं स्टीलचं फुलपात्र दिलं. सकाळचे सात वाजले होते, आकुर्डी स्टेशनसमोरचा रस्ता होता आणि मला तहान लागलेली नव्हती. तरी माणूस अगत्यानं देतोय म्हणून मी ते तोंडाला लावलं.

"आवो मॅडम, पिऊ नका!" ते आरशातून ओरडले. "मांडीवर धरा. चाकणपत्तुर. सांडलं तर कुठं सांडलं तेवढं सांगा."

पुढच्या सीटवर आमच्या कंपनीतले नियोजन विभागाचे कांबळे बसले होते. मागे वळूनही न बघता ते म्हणाले, "पहिला दिवस आहे म्हणून सांगतो. उद्यापासून नॅपकिन आणा. दोन महिने मी धरलं होतं. तुम्ही आलात, मी सुटलो."

स्पाईन रोडला ते दोनदा सांडलं, मोशीच्या पुलावर एकदा. चिंबळी फाट्याच्या खड्ड्यात जे काही उरलं होतं ते सगळं माझ्या गुडघ्यावर आलं. कंपनीच्या गेटवर मी ओल्या सलवारीनं उतरले, तेव्हा सोपानरावांनी समाधानानं मान हलवली आणि डॅशबोर्डच्या कप्प्याच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या कागदावर काहीतरी लिहिलं. मी खरेदी विभागात आहे. रोज दहा पुरवठादारांशी भांडते. पण त्या दिवशी मी नुसती सलवार पिळली.

आम्ही ब्रेकचे सुटे भाग बनवतो. सोपानराव तपासणी विभागात एकतीस वर्षं होते. मूळचे कुरुळीचे, शेतकऱ्याच्या घरातले. घरची बरीच जमीन कारखान्यांच्या शेडखाली गेली आणि तसल्याच एका शेडमध्ये ते कामाला लागले. मुलीच्या कॉलेजसाठी आकुर्डीत फ्लॅट घेतला. मुलगी शिकली, लग्न होऊन रावेतला गेली. फ्लॅट आणि नवरा-बायको मागे राहिले. आकुर्डीहून चाकणला ते आपल्या गाडीनं यायचे. ऑफिसच्या वेळेला सोयीची बस बंद झाली, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर जायला लागले.

त्यांच्या शर्टाच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी असायची. लोक चष्मा विसरतात, किल्ल्या विसरतात. हे पट्टी विसरले आहेत असं कुणी कधी पाहिलं नाही. कॅन्टीनमध्ये बटाटेवडा आला की आधी पट्टी, मग चटणी. "मागल्या मंगळवारपरीस चार मिलिमीटरनं बारका हाय," असं ते शांतपणे सांगायचे आणि मग तो खायचे. कॅन्टीनचा कंत्राटदार मालकापेक्षा त्यांना जास्त घाबरायचा. कुणी कशाबद्दलही मत दिलं, मग ते हवामान असो, राजकारण असो की कुणाचं लग्न, सोपानरावांचं ठरलेलं वाक्य यायचं: "मोजल्याबिगर बोलू नये."

आमचं दोघांचं आधी मुळीच पटत नव्हतं. मी घासाघीस करून माल आणायची, ते तपासून परत पाठवायचे. एकदा म्हणाले, "भाव लई चांगला हाय, मॅडम. माल पन चांगला असता तर जोडी जमली असती." दुसऱ्यांदा मी त्यांच्या तपासणीच्या कागदावरचा एक चुकलेला आकडा पांढऱ्या शाईनं झाकून दुरुस्त केला. कागद तसाच माझ्या टेबलावर परत आला. मागोमाग सोपानराव आले.

"झाकायचं न्हाई. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारायची. खालचं वाचता आलं पायजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. चुकीला कोन फाशी देत न्हाई, मॅडम. पन ती दिसली पायजे."

मी तेव्हा मनातल्या मनात त्यांना बरंच काही म्हणाले होते.

फुलपात्राचं कारण मला दुसऱ्या दिवशी कांबळ्यांनी सांगितलं, सोपानराव टायरची हवा बघायला उतरले होते तेव्हा. शालनवहिनी, म्हणजे सोपानरावांच्या पत्नी, सात महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि मणक्याची चकती सरकली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, पण धक्के चालणार नाहीत. वहिनींचा जीव होता कुरुळीला. विकून-वाटून उरलेले त्यांचे चार गुंठे दोन शेडच्या मधोमध होते. त्यात त्या मेथी-कोथिंबीर लावायच्या, बांधाला शेवंती. आकुर्डीहून दर दोन दिवसांनी बसनं जायच्या आणि पिशव्या भरून यायच्या. पडल्यानंतर दोन महिन्यांनी सोपानरावांनी त्यांना एकदा गाडीतून नेलं. परत आल्यावर वहिनी तीन दिवस अंथरुणातून उठल्या नाहीत. तेव्हापासून गाडीचं नाव काढलं की त्या भिंतीकडे तोंड करायच्या. तिसऱ्या मजल्यावरून जावेला फोन करून विचारायच्या, "पाणी दिलंस का?" तेवढंच.

"त्यांना वहिनींना मळ्यात न्यायचंय," कांबळे म्हणाले. "एकही धक्का न लागता. म्हणून आपली पँट भिजते."

आता धक्का कुठून येत होता हे गाडीतल्या तिघांनाही माहीत होतं. वहिनी पडल्या त्याच सुमाराला सोपानरावांच्या जावयानं त्यांना वाढदिवसाची भेट दिली होती: गाडीला नवी चाकं. मूळची चौदा इंची रिम, काळी, साधी. त्याऐवजी सोळा इंची, चकचकीत, पाच पाकळ्यांची, आणि वर पट्टीसारखं पातळ टायर. निखिल हिंजवडीला आयटीत होता, मनानं उमदा. चाकं बसवल्यावर चार पावलं मागे जाऊन म्हणाला होता, "मामा, आता कशी गाडी गाडी दिसतेय!"

दिसत होतीच. फक्त बसवत नव्हतं.

कॅन्टीनमध्ये सोपानरावांनी मला हे ताटातल्या वस्तूंवर समजावलं. "चाकाचा घेर तेवढाच ठेवावा लागतो. मग रिम वाढली की रबर घटतं. रबर म्हंजी गादी. खड्डा आधी गादीनं खायचा असतो, मग स्प्रिंगनं, मग मानसानं. पाव्हण्यांनी आमाला पलंग मोठा दिला आन् गादीची सतरंजी केली." वर त्या चाकांचं वजन जास्त, टायर रुंद. गाडी अठराचं ॲव्हरेज द्यायची ती सोळावर आली होती. "इंजिन बिचारं दोन पाव्हणं खांद्यावर घेऊन चालल्यागत चालतंय."

"मग काढून टाका ना ती चाकं," मी म्हटलं.

नापास माल पास करा म्हटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जावयानं दिलेली वस्तू काढून ठेवायची? आमची लेक नांदती तिथं, मॅडम."

लेक, अश्विनी, स्वतः मोठ्या पगारावर होती. रावेतचा फ्लॅट तिच्या नावावर होता आणि घरात तिच्या परवानगीशिवाय पडदाही बदलत नव्हता. चार चाकांवरून तिचा संसार मोडेल असं जगात एकाच माणसाला वाटत होतं आणि त्या माणसाच्या खिशात पट्टी होती. पण या बाबतीत त्यांनी पट्टी काढली नाही. मग त्यांनी काय केलं? चाकं सोडून बाकी सगळं मोजायला घेतलं.

माझ्या दुसऱ्याच आठवड्यात स्पाईन रोडवर सिग्नलला गाडी थांबली असताना ते म्हणाले, "मॅडम, राग नका मानू. तुमचं वजन किती?"

कांबळ्यांना अचानक शेजारच्या टेम्पोत विलक्षण रस वाटू लागला.

"कशाला?"

"तुमची न् आमच्या हिची अंगकाठी एकच. मागच्या सीटवर तीच बसनार, उशांना टेकून. भार किती पडतो ते नोंदीत पायजे."

माझं वजन सत्तर किलो होतं. पण माझं सगळं आयुष्य खरेदीत गेलं आहे. पहिला आकडा खरा सांगायची मला सवय नाही. "बासष्ट," मी म्हटलं.

"नक्की ना?"

"नक्की."

त्यांनी कप्पा उघडला आणि लिहिलं. मला वाटलं, विषय संपला.

मग पेट्रोल आलं. कांबळे पिंपरीच्या कामगार वस्तीत वाढलेले, आणि गाड्यांबद्दल त्यांची मतं फार पक्की. त्यांचं म्हणणं, साधं पेट्रोल टाकता म्हणून इंजिन थरथरतं आणि ती थरथर सीटपर्यंत येते. "ते महागातलं टाकून बघा. माझी मोटारसायकल लोण्यासारखी चालते. वहिनींना कळणारसुद्धा नाही गाडी चालू आहे ते."

"मोजल्याबिगर बोलू नये," सोपानराव म्हणाले, आणि आमचा मे महिना वाया गेला.

दोन टाक्या साध्या, दोन टाक्या महागातल्या. पंप एकच, नळी एकच, रस्ता एकच. एसी बंद, कारण एसीनं ॲव्हरेज बदलतं. काचा दोन इंच खाली, पट्टीनं मोजून. जास्त उघडल्या तर वारा गाडीला मागं ओढतो. माझ्या मांडीवर फुलपात्र होतंच. घाम पुसायला हात मोकळा नव्हता. मी एकदा वैतागून विचारलं, की मी उद्या आले नाही तर काय होईल? सोपानराव गंभीरपणे म्हणाले, "त्याची यवस्था केलीया."

ती व्यवस्था काय, हे भाचीच्या लग्नाहून परत आल्यावर कळलं. तीन दिवसांची रजा संपवून मी गेटवर उतरले तर वॉचमननं सलाम ठोकला. "मॅडम, तुमी रजेवर व्हता, पन तुमची गोणी येळेवर येत व्हती."

गाडीच्या डिकीत खताची एक जाड गोणी मळ्यातली माती भरून शिवलेली होती. गळ्यात कंपनीच्या तपासणीचा पिवळा टॅग, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तारेनं बांधलेला. त्यावर सोपानरावांच्या टपोऱ्या अक्षरात: 'मॅडम. ६२ किलो.' माझ्या जागेवर ती तीन दिवस पट्टा लावून बसली होती. कांबळे म्हणाले, तिच्याबरोबर प्रवास शांततेत झाला.

"पण फुलपात्र कुणी धरलं?" मी विचारलं.

"तिच्यावर ठेवलं. तुमच्यापेक्षा कमी सांडलं तिनं. माझ्या रजेसाठीही एक शिवून ठेवलीय."

त्या संध्याकाळी घरी निघताना सोपानरावांनी मला मागच्या सीटवर बसवलं आणि स्वतः पार्किंगमध्ये उकिडवे बसून टायर आणि मडगार्ड यांच्यामधली फट पट्टीनं मोजली. मग मला उतरवलं, वॉचमनच्या मदतीनं गोणी बसवली, परत मोजलं. मग गोणी उतरवून पुन्हा मला बसवलं. शेवटी उठले, गुडघे झाडले.

"मॅडम, नक्की बासष्टच ना?"

"माझ्यावर विश्वास नसेल तर तुमच्या पट्टीला विचारा."

"बरं," ते म्हणाले आणि पट्टी खिशात ठेवली. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

पेट्रोलचा निकाल जूनच्या सुरुवातीला लागला. दोन्हींवर ॲव्हरेज तेच, सांडणारं पाणीही तेवढंच. कांबळे ऐकेनात. "आकडे काहीही म्हणोत, मला फरक जाणवतो. आजचीच गाडी बघा! लोणी!"

"आज साधंच हाय, भाऊ," सोपानराव म्हणाले. "सोमवारपासनं साधंच हाय. तुमाला महागाचं हाय म्हनून सांगितलं व्हतं."

कांबळे मोशीपर्यंत रुसून बसले. मग सोपानरावांनीच त्यांची समजूत काढली. त्या महागातल्या पेट्रोलचा गुण एवढाच, की ते दाबाखाली अवेळी पेट घेत नाही. ज्या इंजिनात दाब जास्त, त्याला ते लागतं. नाही दिलं तर इंजिन खडखडतं. आपल्या गाडीला साधंच चालतं, गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात तसं छापलेलं आहे.

"मग आधीच पुस्तक का नाही वाचलंत?" मी विचारलं. माझा मे महिना माझ्या डोळ्यांसमोर होता.

"वाचलं व्हतं की. पन पुस्तक कांबळेभाऊंसंगं वाद घालत न्हाई."

त्यानंतर टायरची हवा. ठरलेल्यापेक्षा चार पॉइंट कमी केली. गाडी किंचित मऊ झाली आणि तिसऱ्याच दिवशी चिंबळी फाट्याच्या खड्ड्यात डाव्या रिमची कड चेमटली. पातळ टायर, त्यात हवा कमी. दुसरं काय होणार? सोपानराव खाली उतरले आणि त्या खड्ड्याकडे इतक्या प्रेमानं बघायला लागले, की मला त्यांच्या मनातलं कळलं. रिम गेली. आता जुनी चाकं लावायला कारण झालं. दोन दिवसांत निखिल नवी रिम घेऊन हजर. "मामा, तुम्ही काळजी करू नका. डीलर माझ्या ओळखीचा आहे." त्या सकाळी सोपानरावांनी माझ्या हातात फुलपात्र दिलं ते अर्धंच भरलेलं होतं. एवढं निराश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मोशीच्या पुलाच्या अलीकडे ते एकदम म्हणाले, "नऊ म्हयने झाले. तिनं मातीला हात लावला न्हाई." नजर रस्त्यावरच होती. "काल जावेचा फोन आला तर घेतलाच न्हाई. म्हनली, इचारून काय करू."

शेवटी मला राहवेना. मला रडक्या शांततेचा कंटाळा आहे.

"सोपानराव, माझा माल तुम्ही परत पाठवता तो माझं तोंड बघून की मोजून?"

"मोजूनच."

"मग जावयाचाही मोजा. पण त्याच्यासमोर मोजा. त्याला कळू द्या. तो काही पुरवठादार नाही, भांडायचा नाही."

गेटवर उतरताना ते म्हणाले, "येत्या आयतवारी कुरुळीला जेवायला या. दोघं बी."

रविवारी निखिल आला तो क्रीम रंगाच्या पँटमध्ये. त्याला सोपानरावांनी मागे माझ्या नेहमीच्या जागेवर बसवलं, मला शेजारी. मग फुलपात्र आलं. त्यात पाणी नव्हतं, ताक होतं.

"पाव्हणं, जरा धरता? आमची चाचनी असती."

"धरतो की मामा. याला झाकण नाही का?"

"झाकान लावलं तर कळायचं कसं?"

निखिल हसला. स्पाईन रोडच्या पहिल्या गतिरोधकाला त्याचं हसू कमी झालं. मोशीच्या पुलावरच्या सांध्यांनी एकेक करून ताक बाहेर काढलं. त्यानं फुलपात्र वर धरून पाहिलं, खाली धरून पाहिलं, दोन्ही हातांनी धरलं. चिंबळी फाट्याला जे व्हायचं ते झालं. कांबळे पुढे बसून खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे खांदे हलत होते.

निखिलनं रिकामं फुलपात्र बघितलं, मग आपली पँट.

"मामा, मामी इथे बसणार होत्या?"

"व्हय."

"त्या दिवशी इथेच बसल्या होत्या?"

गाडी कुरुळीत वळली.

"जुनी चाकं कुठे आहेत?"

"हितंच हायत. भावाच्या पडवीत."

जेवण दोन तास उशिरा झालं. निखिलनं सासऱ्यांचा पायजमा घातला, स्वतः जॅक लावला आणि चारही चाकं स्वतः बदलली. सोपानराव मदतीला गेले तर म्हणाला, "तुम्ही बसा. इतके महिने सांगायचं नाही म्हणजे काय, मामा? मी काय परका आहे?" सोपानराव बाजूला उभे राहून पट्टी या खिशातून त्या खिशात करत होते. परत येताना मी हळूच विचारलं, की चाचणी तर नेहमी पाण्याची असते, आज ताक कसं? ते म्हणाले, "पानी वाळून जातं, मॅडम. पुरावा ऱ्हात न्हाई."

पुढचा आठवडाभर फुलपात्र काठोकाठ भरून माझ्या मांडीवर होतं. चौदा इंची रिम, जाड रबर, हवा पुस्तकात लिहिलेली, पेट्रोल साधं. शुक्रवारी आकुर्डी ते चाकण, चिंबळी फाट्याला एक थेंब. फक्त एक. सोपानरावांनी कागदावर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

वहिनींना न्यायचं ठरलं तेव्हा मी आणि कांबळे दोघंही गेलो. फुलपात्र धरायला मी, पुढचा भार म्हणून कांबळे. त्यांच्या इमारतीखाली आम्ही गाडीजवळ उभे होतो आणि जिन्यातून एक लहानखुरी, वाळलेली बाई कठडा धरून उतरत आली. माझ्या निम्मी असेल. मी सोपानरावांकडे पाहिलं. शतांश मिलिमीटर ओळखणारा माणूस. "अंगकाठी एकच?" मी विचारलं.

ते बायकोकडेच बघत होते. "व्हती," ते म्हणाले. "पडायच्या आदी व्हती."

त्यांनी मागचं दार उघडलं. सीटवर उशा रचल्या होत्या, किती अंशात रचल्या होत्या देव जाणे. वहिनी दारापाशी आल्या, आत बघितलं आणि चालत पुढच्या दाराकडे गेल्या.

"आगं, मागं! मागं बसायचं हाय तुला."

"मी न्हाई मागं बसायची. मागं मला मळमळतं. लग्नापासनं मळमळतंय."

"आगं, पन सगळं मागचं मोजलंय! चार म्हयने!"

"मला इचारलंत?" वहिनी दार धरून उभ्या होत्या. आवाज बारीक होता, पण प्रत्येक शब्द सुटा. "फुलपात्राला इचारलंत. ह्या मॅडमला इचारलंत. गोणीला इचारलंत म्हनं. मला इचारलं न्हाई, की बये, तुला बसायचंय कुठं."

कांबळे मुकाट्यानं पुढच्या दारापासून बाजूला झाले आणि मागे माझ्या शेजारी उशांवर येऊन बसले. वहिनी पुढे बसल्या. माझ्या हातातलं फुलपात्र त्यांनी मागून घेतलं, पाणी रस्त्याकडेच्या झाडाला ओतलं, पदरानं कोरडं केलं आणि हातातल्या पिशवीतून त्यात भरडलेले धणे ओतले. कोथिंबिरीचं बी. अगदी काठापर्यंत. आणि ते मांडीवर घेतलं.

सोपानरावांनी इतकी सावकाश गाडी मी कधी कुणाला चालवताना पाहिली नाही. मागचे ट्रक हॉर्न वाजवत होते. पुलावरच्या प्रत्येक सांध्याला ते तिरक्या नजरेनं फुलपात्राकडे बघत. चिंबळी फाटा आला, गेला. धणे जागच्या जागी.

कुरुळीत मळ्याच्या कडेला गाडी थांबली. इंजिन बंद झालं. सोपानराव पुढेच बघत म्हणाले, "दुखलं का गं?"

"आता इचारलंत," वहिनी म्हणाल्या. धण्यांवरून बोट फिरवलं. "न्हाई दुखलं."

दार धरून त्या स्वतः उतरल्या, बांधावर जाऊन उभ्या राहिल्या आणि पहिलं वाक्य जावेला बोलल्या: "ही काय मेथी पेरलीस का कोंबड्यास्नी दाणं टाकलंस?" सोपानराव गाडीतच होते. त्यांनी कप्प्याच्या झाकणावरचा तो कागद सोडवला, घडी घातली आणि पट्टीच्या खिशात ठेवली.

त्यानंतर दर रविवारी वहिनी जात राहिल्या. सोपानराव निवृत्त झाल्यावर आकुर्डीचा फ्लॅट भाड्यानं देऊन दोघं कुरुळीलाच राहायला गेली. मला गाडी घ्यावीच लागली. शोरूममधला मुलगा मला वरचं मॉडेल दाखवत होता, मोठी चाकं, लाल शिवणीची सीटं. मी खालचं मॉडेल मागितलं आणि चालवून बघायला निघताना पर्समधून फुलपात्र काढलं. त्यानं विचारलं, "मॅडम, पाणी हवंय का?" मी म्हटलं, "भरून द्या. काठोकाठ. आणि तुम्ही मागे बसा." कांबळे हल्ली माझ्याबरोबर येतात. पेट्रोल मी साधं टाकते. ते अजून कधीकधी म्हणतात की महागातलं टाकून बघा, पण आवाजात जोर राहिलेला नाही.

सोपानराव दीड वर्षापूर्वी गेले. मळ्यातून येऊन पडवीत बसले, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत संपलं. मी दहाव्याला गेले होते, पण गर्दीत वहिनींशी बोलणं झालं नाही. परवा एका रविवारी मुद्दाम गेले. वहिनी मळ्यातच होत्या, वाफ्यात बसून खुरपत होत्या. दोन शेडच्या मधली ती हिरवी पट्टी आहे तेवढीच आहे. कोपऱ्यात बियाण्यावर ताडपत्री घातली होती आणि ती उडू नये म्हणून वर दोन गोण्या ठेवल्या होत्या. गळ्यात पिवळे टॅग.

"ही तुमचीच," वहिनी हसल्या. "कांबळेभाऊ त्या कडंला, तुमी ह्या कडंला. लई कामाला येता."

मी वाकून माझा टॅग बघितला. पिशवीमुळे अक्षर शाबूत होतं. 'मॅडम. ६२ किलो.' बासष्टवर एक सरळ रेघ होती, खालचं वाचता येईल अशी. शेजारी ७०. त्यापुढे सोपानरावांची सही आणि तारीख. मी भाचीच्या लग्नाहून परत आले त्या सोमवारची. म्हणजे त्याच संध्याकाळी, मला घरी सोडून आल्यावर, या माणसानं गोणी उसवून त्यात आठ किलो माती वाढवली होती, आणि त्यानंतर इतकी वर्षं मला रोज "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणताना चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नव्हती.

मी पर्समधून पेन काढलं. सत्तरवर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी ७३ लिहिलं, सही केली, तारीख घातली. टॅग परत पिशवीत घातला.

वहिनी शेजारी येऊन वाकल्या, डोळे बारीक करून वाचलं आणि खुरपं उचललं.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "तीन किलो माती भरते."